मॉडेल टीचा एक्झॉस्ट तिसऱ्यांदा तुटला. बांधणी चुकतेय का?

रहाटगाडगं

नमस्कार मंडळी. आमच्या घरी पणजोबांच्या काळापासून एक फोर्ड मॉडेल टी आहे, १९२४ ची टूरर, म्हणजे उघडी गाडी. चाळीसेक वर्षं गोठ्याच्या पडवीत कडब्याखाली पडून होती. दोन वर्षांपूर्वी बाहेर काढली, इंजिन खोललं, बॉडीचं लाकूडकाम नव्यानं केलं आणि गेल्या दिवाळीत ती आपल्या चाकांवर गावातून फिरली. आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती सगळी कथा कधीतरी वेगळ्या धाग्यात.

सध्या डोळ्यांत पाणी माझ्या आहे. मूळ सायलेन्सरची गंजून चाळण झाली होती, म्हणून एका फॅब्रिकेशनवाल्याकडून नवा करून घेतला. जुन्या सायलेन्सरमध्ये पाइप नुसता आत सरकवलेला असायचा आणि तिथून धूर गळायचा. ह्यानं तो सांधा वेल्ड करून टाकला. सायलेन्सरचे दोन्ही ब्रॅकेटही चेसिसला वेल्ड केले. "आता हत्ती टांगला तरी निघायचा नाही," म्हणाला. खरंच निघाला नाही. बाकी सगळं तुटलं.

पहिल्यांदा साठेक किलोमीटरवर मॅनिफोल्डच्या (इंजिनमधला धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागाच्या) नटाच्या लगेच मागे पाइपला गोल तडा गेला. तो जोडला. मग पुढचा ब्रॅकेट मुळातून उपटला. तिथे जाड पट्टीचा टेकू दिला. परवा गाडी बंद करून घरात आलो तर अंगणातून 'टण्ण' असा आवाज. मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाला, आट्यांच्या थोडं वर, तडा. बिडाचा मूळ मॅनिफोल्ड हो!

आता पाइप दुप्पट जाडीचा घालावा, की ब्रॅकेट आणखी भक्कम करावेत?

सरळसोट

ट्रकला असतो तसला जाळीचा फ्लेक्झिबल तुकडा मधे घाला. दोनेक हजारात विषय संपला.

चाळीतला_चार्ली

आधी एक शंका. अमेरिकन लोक सायलेन्सरला मफलर म्हणतात ना? मग गाडीच्या गळ्यात घालायचं सोडून पोटाखाली का बांधलाय? तिथेच चुकतंय.

तेलकट_हात

चार्ली, गप बस की जरा.

रहाटराव, गाडी बंद केल्यावर 'टण्ण' झालं म्हणालात, तिथंच सगळं आलं बघा. चालू असताना तुटली असती तर कंपन म्हणालो असतो. बंद झाल्यावर, थंड होताना तुटली. म्हंजे पाइप आखडताना ओढून तुटली. तुमच्या फॅब्रिकेशनवाल्यानं काम लई मन लावून केलंय, पण पाइपला हलायला एक सूत जागा ठेवली न्हाई.

मूळ गाडीत काय होतं ते आठवा. पुढं मॅनिफोल्डला पाइपचं फुगवलेलं तोंड आणि त्यावर तो मोठा नट. मागं सायलेन्सरच्या झाकणात पाइप नुसता घुसवलेला. सायलेन्सर चेसिसला बोल्टानं घट्ट. पुढं पक्का, मागं सरकता. ज्या सांध्याला तुम्ही गळका म्हणून शिव्या देत होता, तोच पाइपला श्वास घेऊ देत होता.

पाइप जाड करू नका. का ते इथली शिकलेली माणसं सांगतील.

कंपनवेडी

शिकलेल्या माणसांपैकी एक हजर! (पुण्यात गाड्यांचा आवाज आणि कंपन कमी करण्याचं काम करते, त्यामुळे हा धागा म्हणजे ऑफिसचंच काम, फक्त बिनपगारी.)

तेलकटकाकांचं निदान बरोबर आहे. आकडे मांडते. पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मि.मी. वाढतं. तुमचा पाइप मॅनिफोल्डपासून सायलेन्सरपर्यंत दीड मीटर धरू आणि गाडी पळताना सरासरी ३०० अंशांनी तापतो असं मानू. म्हणजे १५०० × ०.००००१२ × ३०० = ५.४ मि.मी. पाइप साडेपाच मिलिमीटर लांब होणार. बाजूची चेसिस मात्र वाऱ्यावर थंडगार, तिची लांबी आहे तेवढीच.

आता दोन्ही टोकं बांधली तर काय होतं? पाइप अगदी सरळ असता आणि टोकं जराही हलली नसती, तर साध्या पोलादाची सहनशक्ती संपेपर्यंत दाब वाढत गेला असता. दीड इंची पाइप, दीड मि.मी. जाडीचा, म्हणजे कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण १७० चौ. मि.मी. साधं पोलाद चौरस मिलिमीटरला २५० न्यूटनच्या आसपास हार मानतं. गुणाकार करा, चार टनांच्या वर जातो. प्रत्यक्षात पाइपला वाक असतो, तो वाक थोडा उघडतो-मिटतो, ब्रॅकेट वाकतात, म्हणून इतका जोर येत नाही. पण चार टन सोडा, त्याचा दहावा हिस्सासुद्धा शंभर वर्षांच्या बिडाला पुरेसा आहे.

आणि पाइप दुप्पट जाड केलात तर क्षेत्रफळ दुप्पट, म्हणजे ढकलण्याचा जोरही दुप्पट. तुमचा उपाय आजाराला च्यवनप्राश खाऊ घालणारा आहे.

तापताना पाइप मॅनिफोल्डला पुढे रेटतो, थंड होताना मागे ओढतो. बीड दाब सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून तडा थंड होताना.

रहाटगाडगं

च्यवनप्राश 😀 मान्य. पण मग पहिल्यांदा ब्रॅकेट न तुटता पाइप का तुटला?

कंपनवेडी

कारण तेव्हा सगळ्यात कमजोर जागा ती होती. फुगवलेल्या तोंडामागे पाइपचा पत्रा ताणून पातळ झालेला असतो आणि वाकण्याचा भारही तिथेच जास्त. तुम्ही ती जागा मजबूत केलीत, मग पाळी ब्रॅकेटची आली. ब्रॅकेट मजबूत केलात, मग मॅनिफोल्डची. जोर गेला कुठेच नव्हता, फक्त त्याचं गिऱ्हाईक बदलत होतं.

डेट्रॉईटकर

इथे मिशिगनमध्ये मॉडेल टी बाळगणारे बरेच म्हातारे भेटतात. त्यांच्या गप्पांत क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) तुटलेल्या हाताचा विषय एकदा तरी निघतोच, आणि त्याचा तुमच्या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे.

मॉडेल टीचं इंजिन तीन ठिकाणी टेकलेलं असतं. पुढे मधोमध एक टेकू, ज्यावर ते थोडं डोलू शकतं, आणि मागे क्रँककेसला रिव्हेट केलेले दोन हात, जे चेसिसच्या दोन्ही बाजूंना बोल्टाने धरलेले. तिथे चेसिसच्या पन्हाळीत लाकडाचे ठोकळे भरलेले असतात. तुमचे शाबूत आहेत का बघा. रबर कुठेही नाही. तेव्हाचे रस्ते म्हणजे चिखल आणि चाकोऱ्या. एक चाक खड्ड्यात, दुसरं उंचवट्यावर, चेसिस पिळवटून निघायची. हेन्री फोर्डनं चेसिस मुद्दाम लवचीक ठेवली होती. पण तिच्यासोबत इंजिनचे हात पिळले जातात आणि अखेर तुटतात.

एक्झॉस्टचं एक टोक इंजिनला, दुसरं चेसिसला. म्हणजे वाढत्या लांबीबरोबर त्याला हा पीळही सोसायचा. सरकता सांधा दोन्ही कामं करतो, पाइप त्यात थोडा पुढेमागे होतो आणि थोडा गोलही फिरतो. फोर्डला तो स्वस्त पडला हे खरं, पण फक्त स्वस्त म्हणून ठेवला असं मला वाटत नाही.

तुमच्या गाडीचं स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे?

रहाटगाडगं

उजवीकडे. का?

डेट्रॉईटकर

मग ती बहुधा माझ्या घरासमोरची आहे! नदीपलीकडे कॅनडात वॉकरव्हिल आहे, तिथे फोर्डची कॅनडातली कंपनी १९०४ मध्ये सुरू झाली. ब्रिटन सोडून बाकीच्या साम्राज्याला गाड्या पुरवण्याचा हक्क तिच्याकडे होता, त्यामुळे हिंदुस्थानात आलेल्या बऱ्याच टी तिकडच्या. मॉडेल टीचे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही इंजिनच्या उजव्या बाजूला. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे, त्यामुळे तिकडे मोकळी जागा. तुमच्याकडे स्टिअरिंगही उजवीकडेच, म्हणजे एकाच गल्लीत सगळी वस्ती.

रहाटगाडगं

अगदी बरोबर! उन्हाळ्यात उजवा पाय भाजून निघतो. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय.

सरळसोट

मी काय म्हणत होतो? फ्लेक्झिबल तुकडा. सरकतोही, पिळतोही, गळतही नाही. कोण खाली वाकून बघणार आहे?

तेलकट_हात

रॅलीला जज वाकून बघतात दादा. गुडघ्याला फडकं बांधून बघतात.

पण ते सोडा. माझा आक्षेप येगळा हाय. फ्लेक्झिबल तुकडा घातला की त्याच्या पुढचा पाइप एकटा मॅनिफोल्डला लोंबकळतो. त्याचं ओझं कोण पेलणार? तोच तडा गेलेला मॅनिफोल्ड. आजच्या गाड्यांना फ्लेक्झिबल असतो, पण त्याच्या मागं-पुढं रबरी टांगण्या मोजून मापून दिलेल्या असतात. अर्धीच गोष्ट उचलली की घोटाळा.

कंपनवेडी

सहमत. शिवाय आजच्या गाडीला तो तुकडा लागतो कारण इंजिनच रबरावर डोलतं. तो बदल नेमका कधी आला ते सांगण्यासारखं आहे. १९३१ मध्ये क्रायस्लरनं प्लिमथमध्ये 'फ्लोटिंग पॉवर' आणली. इंजिन रबरावर अशा बेतानं टांगलं की ते स्वतःच्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती डोलेल. चार सिलिंडरचा थरथराट माणसांपर्यंत पोचेनासा झाला. पुढच्याच वर्षी सित्रोएननं ते हक्क घेतले आणि जाहिरातीत पाण्यावर तरंगणारा हंस आणला.

पण इंजिन डोलायला लागल्यावर त्याला जोडलेला पाइपही डोलणार. आता तो चेसिसला घट्ट बांधला तर रबराचा सगळा फायदा पाइपातून चेसिसमध्ये परत येतो, नाहीतर पाइप तुटतो. म्हणून मग टांगण्याही मऊ झाल्या. इंजिनखालचं रबर आणि एक्झॉस्टची मऊ टांगणी ही जुळी भावंडं आहेत. मॉडेल टीत पहिलं नाही, त्यामुळे दुसऱ्याची गरज नाही. उगाच सायलेन्सर रबरावर टांगलात तर तो खड्ड्यात पेंडुलमसारखा हलेल आणि पाइपला हिसके देईल.

चाळीतला_चार्ली

आमच्या रिक्षावाल्यानं टायरची पट्टी कापून सायलेन्सर बांधलाय. पंधरा वर्षं टिकलाय.

तेलकट_हात

ट्रकच्या टायरची बाजूची पट्टी, आतल्या दोऱ्यासकट. ती टिकतेच. निम्मा महाराष्ट्र तिच्यावर चालतो. पण गरम भागापासून लांब बांधायची, न्हाईतर वास सुटतो.

कंपनवेडी

टांगणी कुठे द्यायची याबद्दल, कुणी दुसऱ्या जुन्या गाडीवर काम करत असेल तर. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्याला दोन स्फोट. मॉडेल टी २० अश्वशक्ती मिनिटाला १६०० फेऱ्यांना देते, म्हणजे सेकंदाला साधारण ५३ धक्के. आरामात चालवताना चाळीसच्या आसपास. दोन आधारांमधल्या पाइपची स्वतःची थरथरण्याची गती ह्या पट्ट्यात आली की तो वीणेच्या तारेसारखा वाजायला लागतो. आधारातलं अंतर कमी केलं की ही गती झपाट्याने चढते. अंतर निम्मं केलं तर चौपट. म्हणून लांब पाइप असलेल्या गाड्यांत मधे एक आधार हवाच. मात्र तो पाइपला खालून उचलून धरणारा हवा, पाइप त्यात सरकला पाहिजे. आवळून टाकला की पुन्हा पहिले पाढे.

जागा कशी शोधायची? इंजिन चालू ठेवून लाकडी दांडक्याचं एक टोक पाइपवर आणि दुसरं कानाशी. कंपन सगळ्यात कमी जिथे, तिथे टांगणी. उपकरणं महाग आहेत, दांडकं फुकट आहे.

गंधकयुक्त

मी रसायनवाला. कुणी प्याकिंगबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. ह्या गाड्यांच्या मॅनिफोल्डच्या नटात आणि पोर्टच्या (इंजिनातून धूर बाहेर पडायच्या भोकांच्या) तांब्याच्या गॅस्केटात ॲस्बेस्टॉस असायचं. जुनं काढताना कोरडं खरवडू नका, फुंकर मारू नका, हवेच्या पाइपनं तर अजिबात साफ करू नका. ओलं करून काढा, पिशवीत बांधा, तोंडाला नीट मास्क. त्या काळी कारागिरांच्या फुप्फुसांचं काय झालं ते जगाला फार उशिरा कळलं. बदली म्हणून ग्राफाइटची दोरी मिळते, पंपांच्या ग्लँडला वापरतात ती. नटाखाली छान बसते.

दुसरं, तुमचा मूळ सायलेन्सर गंजला तो बाहेरून की आतून?

रहाटगाडगं

आतून. बाहेरून रंगसुद्धा टिकून होता काही ठिकाणी.

गंधकयुक्त

तेच. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. गाडी लांब पळाली तर ते वाफ होऊन निघून जातं. पण पाहुणे आले, पाच मिनिटं इंजिन सुरू करून दाखवलं, फोटो काढले, बंद केली, असं केलं की ते सगळं पाणी सायलेन्सरच्या पोटात साचतं, वर आम्लाचा अंश. हौशी मालकांचे सायलेन्सर टॅक्सीवाल्यांपेक्षा लवकर सडतात ते ह्यामुळे. सगळ्यात खालच्या जागी तीन मि.मी.चं भोक पाडून ठेवा. आवाजात फरक पडत नाही.

तेलकट_हात

आता मॅनिफोल्ड. दोन वाटा. एक, जोडून घ्या. पण नुसता वेल्डिंगचा रॉड लावला की शेजारीच दुसरा तडा जाणार. आख्खा मॅनिफोल्ड कोळशाच्या भट्टीत सावकाश तापवायचा, निकेलच्या रॉडनं भरायचा आन् लगेच राखेत नाहीतर चुन्यात पुरून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी काढायचा. घाई केली की मेलं.

दोन, नवा ओतून घ्या. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरला ओतकाम करणाऱ्यांची कमी न्हाई. फक्त जुनाच मॅनिफोल्ड साचा म्हणून देऊ नका. बीड थिजताना मीटरला साधारण १० मि.मी. आखडतं. अर्ध्या मीटरच्या नगाला ५ मि.मी. फरक, चारही पोर्ट पुढं-मागं होणार. त्यात तुमचा जुना तापून-तापून वाकलेला असणार, हे मॅनिफोल्ड मागच्या बाजूला लोंबतात. ब्लॉकवरची मापं घ्या, त्यावरून लाकडी पॅटर्न करा.

आन् चेसिसला वेल्ड केलेले ब्रॅकेट आधी काढा. पन्हाळीच्या कडेला वेल्डिंग म्हंजे चेसिसच्या तड्याला आवतण. उभ्या बाजूला मूळची भोकं असतील, ती वापरा.

सरळसोट

ठीक आहे, फ्लेक्झिबलचा हट्ट सोडला. पण सरकत्या सांध्यातून धूर गळणार त्याचं काय? गाडीत लहान मुलं बसणार. उघडी टूरर असली तरी कार्बन मोनॉक्साइड ती कार्बन मोनॉक्साइड.

कंपनवेडी

हा मुद्दा रास्त आहे. सांधा सैल म्हणजे ढिला नव्हे. पाइप आणि सायलेन्सरच्या तोंडात पाव मिलिमीटरच्या आसपास फट ठेवा आणि आत घुसलेली लांबी पाइपच्या व्यासाच्या दीडपट तरी, म्हणजे ५५-६० मि.मी. इतक्या लांब, अरुंद फटीतून फार थोडं गळतं, आणि काजळी बसली की तेही जवळजवळ थांबतं. मागचा प्रवाह मोकळा हवा. सायलेन्सर तुंबलेला असेल तर कुठलाही सांधा गळणार.

डेट्रॉईटकर

थोडं अवांतर. सायलेन्सर तुंबतो, ताकद खातो, ही तक्रार सायलेन्सरइतकीच जुनी. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या रीव्ह्ज बंधूंना १८९७ मध्ये इंजिनच्या एक्झॉस्ट मफलरचं पेटंट मिळालं. पुढे गाड्यांत कटआउट आला, पायाने पेडल दाबलं की सायलेन्सरच्या आधीच एक झडप उघडून धूर थेट बाहेर. चढावर ताकद मिळते म्हणून असं म्हणायचे. खरं कारण मला तरी आवाज करायची हौस हेच वाटतं. बुलेटवाल्यांचे पणजोबा.

चाळीतला_चार्ली

आमच्या गल्लीत त्यांचे वंशज राहतात. रात्री अकराला भेटतात.

रहाटगाडगं

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलो. अहवाल देतो.

मॅनिफोल्ड जोडून घेतला, तेलकटकाकांच्या पद्धतीनं, राखेत रात्रभर. नवा पॅटर्नही करायला टाकलाय, पण सुताराच्या घरी लग्न आहे, त्यामुळे ते आषाढानंतर. चेसिसवरचे वेल्ड घासून काढले. खाली मूळची भोकं सापडली, शंभर वर्षांच्या चिखलानं भरलेली. सायलेन्सर त्याच भोकांतून बोल्टानं बसवला. स्प्रिंग वायसर नाही घातले, उष्णतेनं त्यांचा ताण जातो म्हणून. दुहेरी नट लावले. पाइप सायलेन्सरच्या तोंडात ६० मि.मी. सरकवून मोकळा सोडला.

मग कंपनवेडी ताईंची परीक्षा घेतली. पाइपवर सायलेन्सरच्या तोंडाशी खडूनं गोल रेघ मारली, वीस किलोमीटर पळवून आणली आणि गरम असतानाच कॅलिपर लावलं. रेघ ४ मि.मी. आत गेली होती. तुम्ही ५.४ म्हणाला होतात.

कंपनवेडी

१.४ ची उधारी मान्य! मागच्या टोकाला पाइप तितका तापत नसणार, सरासरी २२० अंशांच्या आसपास भरते. थंड झाल्यावर रेघ परत जागेवर आली का?

रहाटगाडगं

पाव मिलिमीटर कमी आली. काजळी अडकली असेल. एक अडचण अजून आहे. मॅनिफोल्डचा तो मोठा नट दर फेरीनंतर थोडा सैल होतो. पितळी आहे. प्याकिंग ग्राफाइटचंच.

तेलकट_हात

पितळ बिडापेक्षा जास्त फुगतं. दीडपटीच्या वर. गरम झालं की नट मोठा होतो, पकड सुटते, आन् कंपनानं फिरतो. मग पितळ कशाला वापरलं म्हणाल तर गंजून आट्यांत अडकत न्हाई म्हणून. लोखंडी घातला असता तर परत कधी निघालाच नसता.

नवं प्याकिंग दबेपर्यंत दोन-तीन फेऱ्या थंड झाल्यावर आवळत जा. गरम असताना आवळू नका, थंड होताना बीड चेपेल. तरी फिरला तर नटाच्या खाचेतून तार ओवून मॅनिफोल्डच्या बोल्टाला बांधा. फिरायच्या दिशेच्या उलट ओढ पडेल अशी.

रहाटगाडगं

कुठली तार? बाइंडिंग वायर चालेल?

तेलकट_हात

ती दोन दिवसांत जळून तुटेल. स्टेनलेसची घ्या, एक मि.मी.ची.